शोभिवंत विद्युत् दीप

फुले, पाने, वेली, कीटक, पक्षी, भूछत्रे इ. निसर्गातील आकारांवरून ज्याची बैठक, खांब व छत्र यांची घडण केलेली असते, असा विजेवर चालणारा कलात्मक दिवा. प्रकाश देणे हा त्याचा प्रत्यक्ष उपयोग असला, तरी न पेटवलेल्या स्थितीतही शिल्पासारखी शोभा देणे, हा त्याच्या निर्मितीमागील तितकाच महत्त्वाचा हेतू असतो. संग्रहालये व संग्राहक ज्यांना पुरातन मानतात, ते या प्रकारातील दीप मुख्यत्वे सु. १८९० ते १९१४ या काळात यूरोप व अमेरिका येथे तयार झाले. विजेचा दिवा नवा असताना त्याला रूप कोणते द्यावे, या प्रश्नाला त्या काळातील कलावंतांनी दिलेले उत्तर म्हणजे हे दीप होत. या दिव्यांनी निसर्गाचे रूप घेतले. त्याच सुमारास विजेसाठी नद्या व दऱ्याही अडविल्या जाऊ लागल्या. महाराष्ट्रात या दुसऱ्या बाजूचे ठळक उदाहरण पुणे जिल्ह्यातील मुळशी येथे आढळते.

पूर्वपीठिका : दिव्याला निसर्गाचे रूप देण्याची प्रथा विजेपूर्वीची आहे. महाराष्ट्रातील समईच्या शिखरावर मोर वा हंस असतो. तिची बैठक पुष्कळदा कमळाच्या पाकळ्यांनी वेढलेली असते. लामणदिव्याच्या साखळीत पक्षी गुंफलेले असतात, तर आरतीच्या मुठीला नागफणीचा आकार दिलेला आढळतो. मुंबईजवळील जोगेश्वरी येथे सापडलेला हत्तीचा टांगता दिवा मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आहे. पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयात अशा दिव्यांचा मोठा संग्रह पाहावयास मिळतो. हे संग्रहालय उभे करणारे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी आपला संग्रह १९७५ मध्ये राज्य शासनाच्या स्वाधीन केला. भारतीय दिव्यांवरील त्यांचा सचित्र इंग्रजी ग्रंथ १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला.

या सर्व दिव्यांत एक मर्यादा समान आहे. ज्योत नेहमी वर जाते व तेल नेहमी आपली पातळी राखते. त्यामुळे तेलाचे पात्र आडवे व समतल असावे लागते आणि त्याच्या वरची जागा मोकळी ठेवावी लागते. कारागिराला मोर, हंस वा कमळ यांची योजना पात्राच्या वर, खाली किंवा मुठीवर करता येते. प्रत्यक्ष प्रकाशाचे स्थान मात्र त्याला बदलता येत नाही. एकोणिसाव्या शतकात घासलेटचा दिवा आला. त्याची ज्योत काचेच्या चिमणीत सुरक्षित झाली. परंतु गरम हवा वर जाण्यासाठी चिमणीचे तोंड उघडेच ठेवावे लागे. वाड्यांतील हंड्या व झुंबरे यांनाही हाच नियम लागू होता.

विजेमुळे झालेला बदल : इंग्लंडमध्ये जोसेफ स्वान व अमेरिकेत टॉमस एडिसन यांनी १८७८–८० च्या सुमारास कार्बनी तंतूचा व्यवहारोपयोगी दिवा तयार केला. निर्वात काचपात्रातील तंतू विद्युत् प्रवाहाने तापून प्रकाशमान होतो. त्याला हवा लागत नाही, तेल लागत नाही आणि वर-खाली अशी दिशाही नसते. त्यामुळे दिवा प्रथमच उलटा टांगता येऊ लागला. फूल जसे देठावरून खाली झुकते, तसा प्रकाशही खाली झुकू शकला. कळीच्या आत, शिंपल्याच्या पोटात वा भूछत्राच्या छत्रीखाली प्रकाश लपविता येऊ लागला.

प्रारंभीचे कार्बनी तंतूचे दिवे मंद व पिवळसर प्रकाश देत. हे एका परीने कलावंतांच्या पथ्यावर पडले. असा प्रकाश रंगीत काचेतून गाळून येताना डोळ्यांना खुपत नसे आणि काचेतील रंगच्छटा मात्र खुलून दिसत. पुढे टंगस्टनच्या तंतूचे व १९१३ नंतर वायू भरलेले दिवे प्रचारात आले. त्यांचा प्रकाश कितीतरी प्रखर असल्यामुळे छत्राचे काम शोभेपेक्षा प्रकाश झाकण्याचे व पसरविण्याचे होऊ लागले. (⟶ विद्युत् प्रकाशयोजना).

नवा दिवा आला, तरी त्याचे रूप लगेच नवे झाले नाही. इंग्लंडमधील क्रॅगसाइड या विल्यम आर्मस्ट्राँग यांच्या निवासस्थानी १८८० मध्ये स्वानचे दिवे बसविण्यात आले. तेथील ग्रंथालयात चिनी मीनाकारीच्या जुन्या कलशांवर बल्ब चढवून त्यांचे दीप बनविले होते. या घराची वीज त्याच्याच आवारातील तलावाच्या पाण्यावर निर्माण होत असे. जलविद्युतेने उजळलेले हे जगातील पहिले घर मानले जाते. येथे दिवा आणि त्याचा उगम एकाच मालकाच्या जमिनीवर होते, ही गोष्ट पुढील इतिहासाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आर नूव्हो काळातील दीप : विजेच्या दिव्याला स्वतःचे रूप मिळाले ते आर नूव्हो या कलासंप्रदायात. झीगफ्रीट बिंग या व्यापाऱ्याने १८९५ मध्ये पॅरिस येथे उघडलेल्या दालनावरून या संप्रदायाला हे नाव मिळाले. ऐतिहासिक शैलींची नक्कल सोडून वेलींची वळणे, देठांचा लवचिकपणा व कीटकांच्या पंखांची जाळी यांतून अलंकरण घडवावे, असा त्याचा आग्रह होता. जपानी लाकडी ठशांच्या चित्रांचा त्यावर मोठा प्रभाव पडला. (⟶ आर नूव्हो).

फ्रान्समधील नांसी हे या कलेचे एक प्रमुख केंद्र होते. तेथील एमील गाले (१८४६–१९०४) हा काचकलावंत वनस्पतिशास्त्राचाही अभ्यासक होता. फूल नुसते सुंदर म्हणून नव्हे, तर त्याच्या वाढीचा क्रम जाणून तो काचेत उतरवीत असे. त्याच्या भूछत्र-दीपात तीन भूछत्रे वाढीच्या तीन अवस्थांत दाखविली आहेत. एक नुकतेच उगवलेले, एक अर्धवट उमललेले व एक पूर्ण पसरलेले. तिन्हींच्या छत्रीखाली दिवे आहेत. त्याच नगरातील दोम बंधूंनी काचेची छत्रे तयार केली, तर लूई माझोरेल याने त्यांना कमळाच्या देठासारखे ब्राँझचे खांब जोडले. १९०१ मध्ये गालेच्या पुढाकाराने या कलावंतांची संस्था स्थापन झाली. पॅरिसमध्ये राऊल लार्श याने लोई फुलर या नर्तकीचा ब्राँझमधील दीप घडविला. तिच्या डोक्यावर उसळलेल्या वस्त्राच्या लाटेत बल्ब दडविलेले आहेत.

अमेरिकेत लूइस कम्फर्ट टिफनी (१८४८–१९३३) याच्या न्यूयॉर्क येथील कार्यशाळेचे दीप सर्वांत प्रसिद्ध झाले. त्यांत ‘चतुर’, ‘विस्टेरिया’ आणि ‘कुमुद’ हे प्रकार विशेष उल्लेखनीय होत. ‘चतुर’ दीपाच्या छत्राच्या कडेने डोके खाली करून बसलेल्या चतुरांची माळ असते आणि त्यांच्या पंखांवर धातूची बारीक जाळी बसविलेली असते. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात या दीपाला पदक मिळाले. ‘विस्टेरिया’ दीपात खांब झाडाच्या बुंध्यासारखा असून छत्राच्या असमान कडेवरून जांभळ्या फुलांचे घोस लोंबतात. त्यात काचेचे सु. २,००० तुकडे असतात. ‘कुमुद’ दीपात अनेक नाजूक देठ एका पसरट पानांच्या बैठकीतून वर येऊन खाली वळतात आणि प्रत्येकाच्या टोकाला काचेचे एक फूल असते. ज्योतीच्या दिव्यात अशक्य असलेली रचना विजेमुळे कशी शक्य झाली, हे या शेवटच्या दीपात सर्वांत स्पष्टपणे दिसते.

हे दीप दीर्घकाळ एकट्या टिफनीच्या प्रतिभेचे फळ मानले जात. कार्यशाळेतील क्लॅरा ड्रिस्कॉल (१८६१–१९४४) हिने आपल्या आई-बहिणींना लिहिलेली पत्रे एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी अभ्यासकांच्या हाती आली आणि ‘चतुर’, ‘विस्टेरिया’ इ. अनेक आकृतिबंध तिचे असल्याचे सिद्ध झाले. २००७ मध्ये न्यूयॉर्क येथे भरलेल्या प्रदर्शनातून ही गोष्ट सर्वज्ञात झाली. तिच्या विभागात केवळ स्त्रिया काम करीत. काचेतील रंगाची नेमकी छटा हेरून तुकडा निवडणे हे त्यांचे मुख्य काम होते. लग्न झाल्यावर स्त्रीला नोकरी सोडावी लागे. १९०३ मध्ये पुरुष कारागिरांच्या संघटनेने या विभागालाच विरोध केला होता. वस्तूवर मात्र नाव कार्यशाळेचेच पडत असे.

रचना व निर्मितितंत्र : टिफनी पद्धतीच्या छत्रासाठी प्रथम रंगीत आराखडा काढून तो लाकडी घुमटाकार साच्यावर उतरवीत. आराखड्यानुसार पत्र्याचे नमुने कापून त्यांबरहुकूम काचेचे तुकडे कापले जात. प्रत्येक तुकड्याच्या कडेला तांब्याची पातळ पट्टी गुंडाळून तुकडे साच्यावर मांडत आणि शिसे व कथिल यांच्या मिश्रणाने डाख देऊन सांधत. चर्चच्या खिडक्यांत वापरल्या जाणाऱ्या शिशाच्या जाड पट्ट्यांपेक्षा ही रीत हलकी असल्यामुळे लहान तुकड्यांचे व तीव्र वक्रतेचे काम करता येई. शेवटी सांध्यांवर रसायनांच्या साहाय्याने तपकिरी किंवा हिरवट झाक आणीत. काच एकरंगी नसून तिच्यात दुधी, रेषायुक्त वा सुरकुतलेले पोत असत; पाकळीची छटा रंगवून न आणता काचेतूनच मिळविली जाई.

नांसी येथील पद्धत निराळी होती. तेथे भिन्न रंगांच्या काचेचे थर एकावर एक चढवून पात्र फुंकीत. नंतर नक्षीचा भाग संरक्षक लेपाने झाकून उरलेला भाग हायड्रोफ्ल्युओरिक अम्लाने खात आणि बारकावे फिरत्या चाकावर कोरीत. अशा छत्रात दिवा लावला, की वरच्या गडद थरातील पाने काळसर दिसतात व मागील थर सायंकाळच्या आकाशासारखा उजळतो. (⟶ काच, काचकाम).

भारत व महाराष्ट्र : मुंबईत विजेचा प्रकाश प्रथम १८८२ मध्ये क्रॉफर्ड मंडईत दिसला. शहराला नियमित वीजपुरवठा मात्र विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सुरू झाला. संस्थानिकांचे राजवाडे आणि धनिक व्यापाऱ्यांचे बंगले यांतील मेणबत्त्यांच्या व तेलाच्या झुंबरांत तारा ओवून त्यांचे विद्युत् दीपांत रूपांतर करण्यात आले. त्यांच्या जोडीला यूरोपातून आणलेले मेजावरील व भिंतीवरील शोभिवंत दीप आले.

काचेच्या देशी निर्मितीचा प्रयत्नही याच काळातला आहे. अंताजी दामोदर काळे यांनी सामान्य जनतेकडून एकेक पैसा गोळा करून उभारलेल्या पैसाफंडातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काचकारखाना व काचेचे शिक्षण देणारी शाळा सुरू झाली. १९१६ मध्ये कराडजवळ ओगले बंधूंचा कारखाना निघाला व त्याच्या प्रभाकर कंदिलाने मराठी घरात स्थान मिळविले. मात्र या कारखान्यांपुढील प्रश्न शोभेचा नव्हता. चिमण्या, कंदिलाच्या काचा, बाटल्या अशा रोजच्या गरजेच्या वस्तू परदेशातून आणाव्या लागू नयेत, हे त्यांचे उद्दिष्ट होते. निसर्गरूप विद्युत् दीप महाराष्ट्रात घडविला गेला नाही, तो आयात झाला. महाराष्ट्राने दिली ती त्याला लागणारी वीज.

मुळशी व विजेचा उगम : सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पडणारा प्रचंड पाऊस साठवून ते पाणी पूर्वेकडे वाहू न देता बोगद्यांतून व नळांतून पश्चिमेस कोकणात सोडावयाचे आणि त्या उतारावर वीज निर्माण करावयाची, अशी टाटा उद्योगसमूहाची योजना होती. तीनुसार १९१५ मध्ये खोपोली, १९२२ मध्ये भिवपुरी व १९२७ मध्ये भिरा येथील वीजगृहे सुरू झाली. भिऱ्यासाठी पाणी मिळविण्याकरिता पुणे जिल्ह्यातील मुळशी येथे नीला व मुळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधण्यात आले. तेथून सु. ५०० मी. खाली, त्या वेळच्या कुलाबा व आताच्या रायगड जिल्ह्यातील भिरा येथे पाणी पडते आणि वीज निर्माण केल्यावर कुंडलिका नदीला मिळते. ही वीज प्रामुख्याने मुंबईच्या गिरण्या व शहर यांच्यासाठी होती.

धरणाच्या पाण्याखाली जाणारे मुळशी खोरे आंबेमोहोर भातासाठी प्रसिद्ध होते. सु. पन्नास गावांतील हजारो मावळ्यांची शेते, घरे व देवळे या योजनेत बाधित होणार होती. पुष्कळ जमिनी सावकारांकडे गहाण पडलेल्या असल्यामुळे रोख मोबदल्याचा लाभ प्रत्यक्ष कसणाऱ्याला मिळेलच, याची खात्री नव्हती. एप्रिल १९२१ मध्ये येथे सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट (१८८०–१९६७) यांना ‘सेनापती’ ही उपाधी याच लढ्यामुळे मिळाली. विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव आदी कार्यकर्ते त्यात होते आणि मावळातील स्त्रियाही मोठ्या संख्येने पुढे आल्या. ‘जान किंवा जमीन’ ही या लढ्याची घोषणा होती. योग्य मोबदला घेऊन तडजोड करावी, की जमीन मुळीच देऊ नये, यावर नेत्यांत मतभेद झाले. पुढे अटका व शिक्षा होऊन १९२४ मध्ये चळवळ संपली व धरण पुरे झाले. धरणामुळे होणाऱ्या विस्थापनाविरुद्धच्या संघटित लढ्यांपैकी हा जगातील अगदी प्रारंभीचा लढा गणला जातो. (⟶ मुळशी सत्याग्रह).

या घटनेचा शोभिवंत दीपाशी असलेला संबंध योगायोगाचा नाही. तेलाच्या दिव्यात प्रकाशाचा उगम दिव्याजवळच असतो. तेल संपले, वात जळाली की घरच्या माणसाला ते दिसते. आषाढी अमावास्येला दिवे घासूनपुसून त्यांची पूजा करताना घरातील प्रत्येकाचा या उगमाशी प्रत्यक्ष संबंध येतो. विजेने ज्योत व तेल दोन्ही दृष्टीआड केले. या एका बदलामुळेच दिवा फुलासारखा खाली झुकू शकला आणि त्याच बदलामुळे त्याचा उगम शेकडो मैल दूर नेता आला. क्रॅगसाइडच्या मालकाने आपल्याच ओढ्याचे पाणी अडविले होते. मुंबईतील दिवाणखान्यात काचेचे कुमुद उजळणाऱ्याला ज्या खोऱ्याचे पाणी अडले, ते खोरे दुसऱ्याचे होते. मुळशीच्या परिसरासारख्या ग्रामीण भागांत त्या काळी कंदीलच जळत असे. महाराष्ट्रातील खेड्यांच्या विद्युतीकरणाला खरी गती १९६० मध्ये राज्य विद्युत् मंडळ स्थापन झाल्यानंतर मिळाली.

याचा अर्थ वीज अनिष्ट होती, असा नाही. गिरण्यांच्या धुराड्यांतून निघणारा कोळशाचा धूर तिने कमी केला व एका मोठ्या शहराचा व्यवहार तिने चालविला. भिऱ्याचे वीजगृह आजही कार्यरत आहे. परंतु निसर्गरूप दीपाचे मूल्यमापन करताना त्याची घडण करणाऱ्या अनाम स्त्रिया आणि त्याला प्रकाश पुरविणारे बुडालेले खोरे, हे दोन्ही त्याच्या इतिहासाचेच भाग मानणे आवश्यक आहे.

उतरता काळ व पुनरुज्जीवन : पहिल्या महायुद्धानंतर अभिरुची पालटली. वेलींच्या वळणांची जागा भूमितीय आकारांनी घेतली. मुंबईत १९३० नंतर उभ्या राहिलेल्या आर्ट डेको इमारतींत दिवे पायऱ्यापायऱ्यांचे, चौकोनी वा सूर्यकिरणांसारखे दिसतात. दक्षिण मुंबईतील या इमारतींच्या समूहाचा २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला. टिफनीची कार्यशाळा १९३२ मध्ये दिवाळखोरीत निघाली आणि तिचे दीप काही काळ जुन्या बाजारात कवडीमोलाने विकले गेले. १९५० नंतर त्यांच्याविषयीचे कुतूहल पुन्हा वाढले. २०१८ मध्ये टिफनीच्या एका दीपाला लिलावात ३० लाख डॉलरहून अधिक किंमत आली.

पारख व जतन : मागणीबरोबर नकलाही वाढल्या. टिफनी दीपांच्या बैठकीवर व छत्राच्या आतील कडेवर सामान्यतः कार्यशाळेचा ठसा व क्रमांक असतो; परंतु ठसा बनावट असू शकतो, म्हणून काचेचा पोत, सांध्यांची सफाई, बैठकीचे वजन व धातूवरील जुनी झाक यांवरून निर्णय करावा लागतो. गालेच्या मृत्यूनंतरच्या काही वर्षांत त्याच्या कारखान्यातील वस्तूंवर नावाशेजारी तारा कोरलेला आढळतो. काही दीप मुळात घासलेटचे असून नंतर विजेचे केलेले असतात. त्यांच्या बैठकीतील तेलाच्या टाकीची जागा अद्याप ओळखता येते.

जुन्या दीपातील सुती वेष्टनाची तार व तिच्यातील रबर काळाच्या ओघात ठिसूळ होऊन गळतात. अशी तार तशीच वापरणे धोक्याचे असते. अमेरिकी दीप सु. ११० व्होल्ट दाबासाठी बनविलेले असतात, तर भारतात २३० व्होल्ट दाबाचा पुरवठा होतो. म्हणून जाणकाराकडून नवी तार घालून घ्यावी; मात्र मूळ धारक, कळ व स्क्रू काढल्यास ते जपून ठेवावेत, कारण वस्तूचे वय ठरविण्यास तेच पुरावे ठरतात. जास्त शक्तीच्या बल्बच्या उष्णतेने डाख मऊ होतो व काचेला तडे जातात. त्यामुळे उष्णता कमी देणारे एलईडी दिवे अशा दीपांस अधिक योग्य असतात. त्यांतही पिवळसर प्रकाशाचे व कमी तेजाचे दिवे निवडले, तर कार्बनी तंतूच्या मूळ प्रकाशाशी मिळताजुळता परिणाम साधतो आणि काचेतील फुले त्यांच्या कर्त्यांनी कल्पिली होती तशी दिसतात.